स्वतःसाठी एक तास : चैन नव्हे, हक्क

गेल्या महिन्यात खापरखेड्यातील आमच्या वस्तीच्या बुद्धविहारात एका कार्यकर्त्याची शोकसभा झाली. वय अवघे ५२. ठेकेदाराकडे पाळीची नोकरी, आणि पाळी सुटली की चळवळ. जयंती मंडळ असो, विहार समिती असो, तहसीलवर न्यायचा मोर्चा असो, सतरंजी टाकण्यापासून भाषण करण्यापर्यंत हा माणूस सर्वांत पुढे. एका रात्री पाळीवरून परतला, छातीत कसेसे होते म्हणून खाटेवर बसला, तो पुन्हा उठला नाही. सभेत सात-आठ भाषणे झाली. समाजासाठी त्यांनी देह झिजवला, असे प्रत्येक वक्ता म्हणाला. मीही तेच म्हणालो.

सभा संपल्यावर वहिनी जवळ आल्या. रडून डोळे सुजले होते, पण आवाज खणखणीत होता. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सारे म्हणता देह झिजवला. मी त चार वर्षांपासून म्हणत होती, अहो, एकदा बीपी दाखवून या. ते म्हणत, जयंती होऊ दे. जयंती झाली त वर्षावास आला. वर्षावास झाला त दीक्षाभूमीची तयारी. मंग सहा डिसेंबरची मुंबईची गाडी. वर्ष असंच जाय." मी विचारले, "वहिनी, तुम्ही तरी स्वतःची तपासणी कधी केली?" त्या क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मले कुठं येळ आहे जी?"

त्या एका वाक्याने मला रात्रभर झोप आली नाही. हा लेख त्याच वाक्यावर आहे.

खापरखेडा हे वेळेवर चालणारे गाव आहे. १९८९ पासून २०११ पर्यंत येथे वीजकेंद्राचे संच एकामागून एक उभे राहिले. २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक, असे मिळून १,३४० मेगावॅट. शेजारी कोराडीचे वीजकेंद्र, पलीकडे सिल्लेवाडा परिसरातील वेकोलिच्या खाणी. बॉयलर रात्री झोपत नाही, म्हणून माणसालाही झोपता येत नाही. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, या तीन पाळ्यांवर येथील घराघरांतील चूल पेटते आणि विझते. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यावर राख बसते, तशीच ती छातीतही बसते. या गावात कोणाला विचारा, "तब्येत कशी आहे?" उत्तर ठरलेले : "चालू आहे." जणू तोही एक संच आहे, बंद पडेपर्यंत चालायचा!

अशा गावात "स्वतःची काळजी घ्या, स्वतःसाठी वेळ काढा" असे म्हटले की लोक हसतात. त्यांचे हसणे मला समजते. हा शब्द आपल्याकडे आला तोच मुळी गुळगुळीत मासिकांतून आणि जाहिरातींतून. चेहऱ्याला लेप, तेलाची मालिश, डोंगरावरचे महागडे योगशिबिर. ज्याच्या हाती महिनाअखेरीस घासलेटाचे सोडा, गॅसच्या सिलिंडरचेही पैसे उरत नाहीत, त्याने हे ऐकून हसू नये तर काय करावे? कार्यकर्त्याला तर हा शब्द अधिकच खटकतो. समाज आगीत असताना मी माझी झोप मोजत बसू काय, असे तो विचारतो. वरवर पाहता प्रश्न बिनतोड वाटतो. पण तो बिनतोड नाही. कारण "वेळ" ही गोष्ट आपल्या चळवळीला नवी नाही. आपल्या महापुरुषांनी ज्या लढाया लढल्या, त्यांतील एक मोठी लढाई वेळेचीच होती. आपण तीच विसरलो.

रविवारची सुट्टी आपल्याला कॅलेंडरने दिलेली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, १८८४ पासून ही मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना आठवड्याची सुट्टी मान्य करावी लागली. त्याआधी कामगाराला सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्रापुढे उभे राहावे लागे. ज्या दिवशी आपण "आज रविवार" म्हणून उशिरा उठतो, त्या दिवशी खरे तर लोखंड्यांच्या लढ्याचे फळ आपण खात असतो.

पुढचे पाऊल बाबासाहेबांनी टाकले, आणि त्याचा एक धागा नागपूरशी बांधलेला आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. समाजाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले हे आपण दर जयंतीला ऐकतो. पण त्याच परिषदेतील स्त्रियांनी गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायांसाठी हक्काची रजा, दुखापतीची भरपाई आणि निवृत्तिवेतन मागितले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? ऐंशी वर्षांपूर्वी आपल्या आयाबायांनी विश्रांती ही दया म्हणून नव्हे, ठराव करून मागितली!

त्याच जुलै महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. पगारी रजेची तरतूद, खाणीतील स्त्रियांसाठी प्रसूती लाभाची सुधारणा, पुढे १९४८ मध्ये कायदा होऊन आलेल्या कामगार राज्य विम्याची पायाभरणी, हे सारे त्यांच्याच कारकिर्दीतले. ही कलमे वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. बाबासाहेब केवळ मजुरी वाढवून थांबले नाहीत. कामगाराच्या अंगातील कामानंतर उरणारा जीव आणि घड्याळातील कामानंतर उरणारा वेळ, या दोन्हींकडे त्यांचे लक्ष होते.

असे का? याचे उत्तर त्यांनी १९४५ च्या "व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स" या ग्रंथात दिले आहे. चरख्याकडे आणि बैलगाडीकडे परत जा असे सांगणाऱ्यांना त्यांनी तेथे खडसावले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : पशू आणि माणूस यांच्यातील फरक संस्कृतीचा आहे, आणि फुरसत असल्याशिवाय संस्कृती शक्य नाही. पोटामागे धावण्यातच ज्याचा सारा दिवस जातो, त्याला विचार करायला, वाचायला, मन घडवायला अवसर कोठून मिळणार? म्हणून यंत्र हवे, कारण यंत्र माणसाला फुरसत देते. म्हणजे बाबासाहेबांच्या लेखी फुरसत ही चैन नव्हती, माणूस होण्याची अट होती. जातिव्यवस्थेने आपल्याला जमीन नाकारली, पाणी नाकारले, विद्या नाकारली, हे आपण सांगतो. तिने आपली फुरसतही हिरावून घेतली हे मात्र सांगत नाही. काहींच्या वाट्याला ग्रंथ वाचण्याची निवांत दुपार आली, आणि त्यांच्या शेतात राबणारा आपला आजा त्याच दुपारी उन्हात वाकलेला होता. ती दुपार त्याच्याकडून हिसकावूनच त्यांना मिळाली होती.

येथे एखादा वाचक म्हणेल, "हे ठीक आहे. पण बाबासाहेबांनी स्वतः कोठे विश्रांती घेतली?" खरे आहे, नाही घेतली. लंडनला अर्धपोटी राहून ग्रंथालय बंद होईपर्यंत ते वाचत बसले. मधुमेह, संधिवात, मज्जातंतूंचे दुखणे यांनी त्यांचे शरीर पोखरले होते. राज्यघटनेचे काम त्यांनी त्याच शरीराने केले. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून हिंदू कोड बिल लवकर घेण्याची विनंती केली. प्रकृतीची काळजी वाटते, डॉक्टरांच्या स्वाधीन होण्यापूर्वी हे काम पुरे व्हावे, असा त्या पत्राचा आशय होता. औषधोपचार मागे, स्त्रियांचा हक्क पुढे! हा त्याग वंदनीय आहे, यात शंका नाही.

पण त्या त्यागाची किंमत कोणी मोजली? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली आणि ५३ दिवसांनी बाबासाहेब गेले. १६ डिसेंबरला मुंबईत ठरलेला दीक्षा समारंभ त्यांच्याविना राहिला. "बुद्ध आणि त्यांचा धम्म" हा ग्रंथ छापून आलेला त्यांनी पाहिला नाही, तो १९५७ मध्ये निघाला. रिपब्लिकन पक्षाची कल्पना त्यांनी मांडली, पण तो पक्ष उभा करायला ते उरले नाहीत. कितीतरी ग्रंथ अर्धवट राहिले. वय ६५ होते. आणखी दहा वर्षे मिळाली असती तर या चळवळीचा इतिहास काय झाला असता, हा विचार ज्याने केला आहे, तो कार्यकर्त्याच्या आजाराला कधी किरकोळ म्हणणार नाही. माता रमाई २७ मे १९३५ ला गेल्या, तेव्हा त्यांची चाळिशीही झाली नव्हती. बाबासाहेबांनी स्वतःला जाळले ते आपल्या पुढच्या पिढ्यांना जळावे लागू नये म्हणून. त्यांच्या त्यागाचे अनुकरण आपण रक्तदाबाची गोळी चुकवून करीत असू, तर ते अनुकरण नव्हे, गैरसमज आहे.

आता आजची स्थिती पाहू. संयुक्त राष्ट्रसंघाच्या महिला विभागाने २०१८ च्या अहवालात भारतातील स्त्रियांचे मृत्युसमयीचे सरासरी वय दिले. उच्चजातीय स्त्रीचे ५४.१ वर्षे, दलित स्त्रीचे ३९.५ वर्षे. जवळजवळ पंधरा वर्षांचा फरक! आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणारी स्त्री दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकाम करते असे आढळले. घरकामाला हात लावणारा पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईचे ओझे दहा मिनिटांनी कमी झाले, आणि पुरुषाने आपलीही नऊ मिनिटे काढून घेतली.

वहिनींच्या "मले कुठं येळ आहे" या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत आहे. कारखान्यातील आठ तासांची लढाई आपण जिंकली, पण ती घराच्या उंबरठ्यावर येऊन थांबली. आत कोणती पाळी आहे? पहाटे पाचला सुरू होणारी आणि कधीही न सुटणारी. नवरा रात्रपाळीचा असेल तर त्याचा डबा वेगळ्या वेळी, मुलांचा वेगळ्या वेळी, सासूचे पथ्य आणखी वेगळे. विहारात समतेवर भाषण ऐकून आलेला नवरा घरी येऊन पाण्याचा पेला हातात मागत असेल, तर फुरसत वाटण्याच्या बाबतीत आपण व्यवस्थेपेक्षा वेगळे काय वागलो? कटू आहे, पण आत्मपरीक्षण कटूच असते.

काळजी न घेणे आपल्याला इतरांपेक्षा महाग का पडते, हेही समजून घेतले पाहिजे. विदर्भात, विशेषतः बौद्ध आणि आदिवासी समाजात, सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. नागपूरचे संपत रामटेके यांनी या आजारावर संघटना उभी करून आयुष्य वेचले, २०१८ मध्ये त्यांच्या कामाला पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू झाले. "एसएस" असलेल्या रुग्णाच्या शरीरातील पाणी कमी झाले, अतिश्रम झाले, एकदम थंडी लागली किंवा जंतुसंसर्ग झाला की असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा माणसाला भरपूर पाणी पिणे, वेळेवर विसावा घेणे, डॉक्टरांनी दिलेली गोळी न चुकवणे हा लाड आहे काय? विदर्भाच्या मे महिन्यात तो जगण्याचा प्रश्न आहे. "एएस" वाहक सहसा ठणठणीत असतो, पण आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी पत्रिका नव्हे, रक्त तपासा. हे आपण मंचावरून सांगतो. किती घरांत केले जाते?

रात्रपाळीचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला "कर्करोगास कारणीभूत होण्याची दाट शक्यता" असलेल्या गटात टाकले. शरीराचे स्वतःचे एक घड्याळ असते, ते उजेड-अंधारावर चालते. पाळी दर आठवड्याला बदलली तरी ते घड्याळ तसे बदलत नाही. म्हणून रात्रपाळीच्या माणसाला दिवसाची सलग झोप हे औषध आहे. आणि ती झोप आपल्या वस्तीत कोण मोडते? दुपारी बारा वाजता दोन खोल्यांच्या घरापुढे लावलेला आपलाच डीजे! मग थकवा उतरत नाही, आणि तो उतरवायला संध्याकाळी क्वार्टर लागते. बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळायची असेल तर माणसाला आधी झोपू दिले पाहिजे.

तथागतांनी हे अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. सोण नावाचा भिक्खू चालून चालून पाय रक्तबंबाळ होईपर्यंत साधना करीत होता, तरी मन स्थिर होईना. तो पूर्वी वीणा उत्तम वाजवीत असे. तथागतांनी त्याला त्याच वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर निघत नाही, फार सैल सोडली तरी निघत नाही. मध्यम मार्ग तो हाच. दुसरी गोष्ट विनयपिटकातली. पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला बरोबर घेतले, त्याला स्वतः आंघोळ घातली, आणि संघाला सांगितले की माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. पहिली सांगते, स्वतःला तुटेपर्यंत ताणू नका. दुसरी सांगते, काळजी ही एकट्याची जबाबदारी नाही, ती संघाची आहे.

नेमके हेच जाहिरातवाले सांगत नाहीत. ते म्हणतात, तुमचा ताण तुमचा, तुमचा उपाय तुमचा, फक्त आमचा माल घ्या. यात मोठी फसवणूक आहे. राख हवेत उडते, ठेकेदार आठवड्याची सुट्टी कापतो, दवाखान्यात रांग संपत नाही. आणि वर कामगारालाच सांगायचे की तू सकाळी उठून दीर्घ श्वास घे! श्वास कसला, राखेचा? सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास तसेच ठेवले आहेत, हे खरे. पण बारा तास उभे राहून घरी आलेल्या माणसाकडे त्या दिवशी मुलाच्या वहीत डोकावण्याइतके तरी त्राण उरते काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत ठरावीक कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहे. ती ठेकेदारी कामगारापर्यंत पोहोचते की कागदावर राहते, हे पाहणे संघटनांचे काम आहे. स्वतःची काळजी घेणे म्हणजे हक्काचा लढा सोडणे नव्हे. उलट लढायला माणूस जिवंत तर राहिला पाहिजे!

तेव्हा समाजबांधवांनो आणि भगिनींनो, मोठ्या योजना बाजूला ठेवू. आपल्या हातात आहे तेवढे तरी करू. महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर विहारातच रक्तदाब आणि साखर तपासली जावी. आपल्याच समाजातील परिचारिका, आशाताई, डॉक्टर यांनी दोन तास दिले तरी पुरे. समितीची बैठक रात्री नऊला संपलीच पाहिजे, कारण रात्री बारापर्यंत चाललेल्या बैठकीतून ठराव कमी आणि आजार जास्त निघतात. ज्या घरात रात्रपाळीचा माणूस झोपला आहे, त्या गल्लीत दिवसा भोंगा वाजू नये. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याने आपले ईएसआयचे कार्ड, आठवड्याची सुट्टी आणि रजेचा हिशेब मागावा. एकटा घाबरत असेल तर संघटनेने बरोबर जावे.

आणि सर्वांत अवघड काम घरातले. प्रत्येक पुरुषाने रोज एक तास आपल्या घरातील बाईला परत द्यावा. "परत" हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो, कारण तो तिचाच आहे. त्या तासात भांडी, पाणी, मुलांचा अभ्यास तुम्ही पाहा. ती काय करील ते तिला ठरवू द्या. ती वाचेल, मैत्रिणीकडे जाईल, कन्हानच्या रस्त्याने फिरून येईल, नाहीतर नुसती भिंतीला टेकून बसेल. तिला "काय करते बसून?" असे विचारू नका. नुसते बसणे हाही माणसाचा हक्क आहे. आपल्या आजीला तो कधी मिळाला नव्हता.

गेल्या रविवारी विहारात पहिली तपासणी झाली. उधारीवर आणलेले एक यंत्र, एक टेबल आणि आपल्याच वस्तीतील एक परिचारिका. वहिनी मागच्या ओळीत बसल्या होत्या. दोनदा उठून जाऊ लागल्या, घरी पीठ मळून ठेवले होते म्हणे. त्यांचा मोठा मुलगा म्हणाला, "आई, तू बस. पोळ्या मी करतो." वहिनींचा रक्तदाब वाढलेला निघाला. आजवर तो कोणी पाहिलाच नव्हता. गोळ्या सुरू झाल्या आहेत. पुढच्या रविवारी त्या पुन्हा येणार आहेत.

आपल्या कार्यकर्त्याला आम्ही वाचवू शकलो नाही. त्याच्या शोकसभेत मी जे भाषण केले, ते पुन्हा कोणासाठी इतक्या लवकर करण्याची वेळ माझ्यावर येऊ नये. तुमच्या वस्तीतही अशी एखादी वहिनी असेल. तिला उद्याच विचारा. आणि तिने "येळ नाही" असे म्हटले, तर तिचा वेळ कोणाकडे आहे, हे स्वतःला विचारा.

जयभीम!